पाचारण फक्त पाळकांनाच?

उलव्यात टॉवरांमागून टॉवर उभे राहतायत. रविवारच्या उपासनेत माझ्या शेजारी फरशी बसवणारा भाऊ बसतो. प्रार्थना मात्र पाळकांच्या 'सेवे'साठीच होते. त्यांचं ते पाचारण, ह्याची ती नुसती मजुरी!

मला हे पटत नाही. येशू सुतार होता, पौल तंबू करायचा. पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल १९२४ साली निघालं, तेव्हा केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी खिळे जुळवले होते. त्यांना पाचारण नव्हतं?

पण 'पाचारण' म्हणत फुकट राबवून घेणंही पापच. याकोबाच्या पत्रात अडवलेली मजुरी ओरडते. म्हणून येत्या रविवारी त्या भावासाठी प्रार्थना करा. कुणी त्याचे पैसे थकवले असतील, तर आधी ते द्या.