नॅप गुरुजींची हमी

सीमन नॅप हे नाव आपल्या मोंढ्यात कोणी ऐकले नसेल. हे अमेरिकेतले एक शाळामास्तर. जन्म १८३३ चा, न्यूयॉर्क राज्यातला. परंतु कृषी खात्याचा माणूस आपल्या बांधावर येऊन "प्रात्यक्षिकाचा प्लॉट घालू या" म्हणतो, त्या पद्धतीचे मूळ शोधत गेले तर आपण या मास्तरांपर्यंत पोहोचतो, आणि तेही कापसाच्याच शेतात. कापूसवाल्यांनी त्यांची आठवण ठेवायला हवी.

१८५६ साली त्यांनी पदवी घेतली आणि त्याच वर्षी मारिया हॉचकिस यांच्याशी लग्न केले. दोघांनी फोर्ट एडवर्डच्या शाळेत शिकवले. संसार मार्गी लागतो आहे तोच १८६६ मध्ये खेळताना गुडघ्याला इजा झाली आणि हा धडधाकट माणूस पुढे कितीतरी वर्षे कुबड्यांवर आला. शाळा सुटली. बायको आणि लहान मुले घेऊन ते आयोवात शेतीवर गेले. तिथे पाळलेल्या मेंढ्या बर्फाच्या हिवाळ्यात दगावल्या. घरात आजारी माणूस, कडेवर पोरे आणि दावणीला काही नाही, ही अवस्था काय असते ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्या घराचा टेकू मारियाबाई होत्या. चरित्रे मोठ्या माणसाची लिहिली जातात, टेकूंची लिहिली जात नाहीत.

पुढे गुरुजी सावरले. अंधांच्या शाळेचे प्रमुख झाले, डुकरे पाळली, शेतीचे नियतकालिक चालवले, आयोवाच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक आणि मग अध्यक्ष झाले. १८८५ च्या सुमारास पन्नाशी उलटल्यावर कॉलेज सोडले आणि दक्षिणेत लुइझियानाच्या भातशेतीत जाऊन बसले. निवृत्त मास्तराने नातवंडे खेळवीत ओसरीवर बसावे, तर यांचे खरे काम इथून पुढचे.

१८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासच्या कापसात एक किडा शिरला होता. सोंड असलेला छोटा भुंगा. आपली बोंडअळी ही पतंगाची अळी, म्हणजे जात वेगळी; पण खोड एकच, पात्याबोंडात शिरून बसायचे. दहा वर्षांत त्याने टेक्सासचा मोठा मुलूख व्यापला. शेतकरी कापूस सोडून निघाले, पेढीवाल्यांनी कर्जे आखडली.

सरकारने आपल्या खर्चाने नमुन्याची शेते करून पाहिली होती. लोक बघून जात आणि म्हणत, सरकारच्या पैशावर कोणालाही पिकेल. यात लोकांचे काय चुकले?

१९०३ साली टेरेल गावी सत्तरीला टेकलेल्या नॅप गुरुजींनी हिशेब उलटा मांडला. जमीन शेतकऱ्याची, राबणार शेतकरी, पीकही त्याचेच. सरकारचा पैसा नाही, फुकटची थैली नाही. गुरुजी फक्त सांगणार. मात्र सांगितल्याप्रमाणे करून तोटा आला तर तो भरून देण्यासाठी गावातल्या व्यापारी-पेढीवाल्यांनी वर्गणीचा फंड उभा करायचा. वॉल्टर पोर्टर नावाच्या शेतकऱ्याने ७० एकर दिले. लवकर येणारे वाण, लवकर पेरणी, तासांत मोकळे अंतर, वरचेवर डवरणी, हंगाम संपताच पऱ्हाट्यांचा नायनाट. यात जादू काही नव्हती. वर्षाअखेर पोर्टरने सांगितले की नेहमीच्या रीतीपेक्षा ७०० डॉलर जास्त मिळाले. पुढच्याच वर्षी सरकारने किड्याविरुद्धच्या मोहिमेला पैसा मंजूर केला, त्यातला काही गुरुजींच्या कामाला आला. १९०६ पासून एकेका जिल्ह्याला एकेक माणूस नेमला जाऊ लागला. त्याच वर्षी अलाबामात टस्कीगीला थॉमस कॅम्पबेल हा पहिला कृष्णवर्णीय कार्यकर्ता नेमला गेला. खेचरांच्या गाडीत अवजारे घालून तो वस्त्यावस्त्यांवर फिरला.

आता आपल्याकडे पाहा. १९५२ च्या सामुदायिक विकास योजनेपासून प्रात्यक्षिके आली, ग्रामसेवक आले, रस्त्याकडेच्या पाट्या आल्या. टेरेलचा प्लॉट आला, टेरेलची हमी वाटेत कुठे तरी गळाली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्याचा कापूस खाल्ला. बीजी-२ बियाण्याची मात्रा तिच्यावर चालेनाशी झाली होती. तेव्हा सल्ला आला, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या उपटा. सल्ला बरोबरच होता, नॅप गुरुजींनीही तोच दिला होता. पण फरदडीचे दोन वेचे सोडून देणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातली ती रक्कम कोण भरून देणार, हे सल्ल्यात लिहिलेले नव्हते. यापुढे कोणी प्लॉट मागायला आला तर त्याचा बी-खताचा कागद बघण्याआधी तोट्याचा कागद मागावा. ज्वारीच्या प्लॉटलाही हेच लागू.

गुरुजींची एक बाजू लंगडी राहिली, तीही सांगितली पाहिजे. जास्त कसे पिकवावे हे त्यांनी शिकवले. पिकल्यावर भाव काय, याचे उत्तर त्यांच्या पाटीवर नव्हते. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि अमेरिकन कापसाचा भाव कोसळला, तेव्हा उत्तम डवरणी कोणाच्या कामाला आली नाही.

ते पाहायला गुरुजी नव्हते. १ एप्रिल १९११ रोजी वॉशिंग्टनला ते वारले. काम त्यांच्या मुलाने, ब्रॅडफर्डने, हाती घेतले. बापाच्या हाताखाली तो आधीपासून होताच. तीन वर्षांनी, १९१४ मध्ये, ही पद्धत देशभर चालवण्याचा कायदा झाला. गुरुजींना मात्र आयोवात एम्सला नेले, ज्या कॉलेजात त्यांनी शिकवले तिथल्या दफनभूमीत. मारियाबाईही तिथेच आहेत.