क्रिएटिनिन वाढले म्हणून गोळी बंद?

मधुमेही रुग्णाच्या लघवीत अल्ब्युमिन सापडले, आपण टेल्मिसार्टन सुरू केले आणि तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.1 चे 1.3 झाले. रुग्णाचा मुलगा रिपोर्ट पुढे करून विचारतो, "डॉक्टर, किडनीसाठी दिलेल्या गोळीनेच किडनी बिघडली का?" इथे बरेच जण गोळी बंद करून मोकळे होतात. अ‍ॅम्लोडिपिन लिहिले जाते, महिन्याभरात क्रिएटिनिन पुन्हा 1.1 वर येते आणि सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो. या महिन्यात त्या 1.3 ची बाजू मांडायची आहे.

ग्लोमेरुलसमध्ये रक्त आणणारी एक धमनिका आणि बाहेर नेणारी दुसरी. अँजिओटेन्सिन-2 एटी-1 रिसेप्टरवर बसले की दोन्ही आकसतात, पण बाहेरची अधिक. त्यामुळे आतला दाब टिकतो आणि गाळण चालू राहते. रक्तस्राव, जुलाब, उन्हाने शरीर कोरडे पडणे अशा वेळी हाच रिसेप्टर ईजीएफआर सांभाळतो. त्याला सरसकट खलनायक ठरवणे हा आपल्या औषधशास्त्राच्या पुस्तकांचा दोष आहे. बिघडते ते तो वर्षानुवर्षे चेतवलेला राहिला की. मधुमेहात किंवा बरेच नेफ्रॉन गेल्यावर उरलेल्या नेफ्रॉनवर जास्तीचा दाब येतो. सुरुवातीला गाळण उत्तम दिसते आणि त्याच काळात गाळणी झिजत असते. बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये मांडलेल्या या विचारावर आपले आजचे बरेचसे उपचार उभे आहेत.

झिजते म्हणजे नेमके काय, हे पोडोसाइटपाशी जाऊन पाहावे. ही पेशी केशवाहिनीला बाहेरून विळखा घालते. तिचे बारीक पाय शेजारच्या पेशीच्या पायांत गुंतलेले असतात आणि मधल्या सुमारे 40 नॅनोमीटरच्या फटीवर नेफ्रिन वगैरे प्रथिनांचा पडदा असतो. नेफ्रिनचे जनुक 1998 मध्ये सापडले. ते जन्मतः सदोष असलेल्या बाळाच्या लघवीतून प्रथिनांचा लोंढा वाहतो, यावरून या पडद्याचे मोल कळावे. पोडोसाइटवरही एटी-1 रिसेप्टर असतात. ते सतत चेतत राहिले की पेशीचा आतला सांगाडा विस्कटतो, पाय पसरट होतात आणि शेवटी पेशी सुटून लघवीवाटे निघून जाते. प्रौढ पोडोसाइट सहसा विभाजित होत नाही, त्यामुळे गेलेल्या पेशीची जागा भरून निघणे अवघड. क्रिएटिनिन हे काहीच सांगत नाही. लघवीतले अल्ब्युमिन सांगते. तरीही अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर न तपासता वर्षानुवर्षे मधुमेह सांभाळणारे दवाखाने कमी नाहीत.

रिसेप्टर अडवला की बाहेरची धमनिका सैलावते, आतला दाब उतरतो, गाळण थोडी घटते आणि क्रिएटिनिन किंचित चढते. म्हणजे औषध लागू पडले. लोसार्टनच्या 2001 च्या रेनाल चाचणीतील आकडे नंतर पुन्हा तपासले, तेव्हा सुरुवातीला ज्यांचा ईजीएफआर जास्त उतरला होता, त्यांचीच किडनी पुढे हळू खालावलेली दिसली. ईजीएफआर 30 च्या खाली गेल्यावर तरी ही औषधे थांबवावीत का, हे 2022 च्या स्टॉप-एसीईआय चाचणीने तीन वर्षे पाहिले. थांबवून ईजीएफआर वाचला नाही. म्हणून पहिल्या चार आठवड्यांत 30 टक्क्यांपर्यंतची वाढ सोसावी. त्यापुढे गेली तर शरीर कोरडे पडले आहे का, वेदनाशामक चालू आहे का, किडनीची धमनी अरुंद आहे का, हे शोधावे. पोटॅशियम मात्र पाहायलाच हवे.

एटी-1 एकटाच नाही. पोडोसाइटवरील इन्सुलिन रिसेप्टर काढून टाकलेल्या उंदरांत रक्तशर्करा ठीक असूनही मधुमेहासारखे मूत्रपिंडविकार झाले, हे 2010 मध्ये दिसले. म्हणजे हा रिसेप्टर चेतलेला असणेच पेशीच्या हिताचे. सेमाग्लुटाइडही जीएलपी-1 रिसेप्टर चेतवते. 2024 च्या फ्लो चाचणीत, 3,533 रुग्णांत, किडनीच्या गंभीर घटना आणि किडनी वा हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून धोका 24 टक्क्यांनी घटला. फिनेरेनोन मिनरॅलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर अडवते. ग्लिफ्लोझिन औषधे रिसेप्टरवर बसत नाहीत, पण गाळणीवरचा दाब तीही उतरवतात. किमतीचा विचार करता आपल्या बहुतेक रुग्णांसाठी पहिली पायरी आजही 'सार्टन' किंवा 'प्रिल'च. दोन्ही एकत्र मात्र नकोत. त्याने पोटॅशियम वाढते आणि किडनीला इजा होते.

आता मे महिन्यातल्या विदर्भाकडे या. टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोनची जोडगोळी चालू, गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेले डायक्लोफेनॅक, आणि त्यात दोन दिवस जुलाब. आत येणारी धमनिका मोकळी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन डायक्लोफेनॅकने घटवले, बाहेरची आकसवणारा रिसेप्टर आपण अडवलेला, आणि अंगात पाणीच नाही. एरवी जो रिसेप्टर अडवायचा, तोच या दोन दिवसांत मोकळा हवा. हे रुग्णाला तोंडी सांगून भागत नाही. चिठ्ठीवर मराठीत लिहावे: "उलट्या-जुलाब झाले तर ही गोळी थांबवा, गुडघ्याची गोळी घेऊच नका; नीट खाऊ-पिऊ लागल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा सुरू करा." शेवटचे वाक्य लिहायचे राहिले, तर जुलाबासाठी थांबवलेली गोळी सहा महिने बंदच असल्याचे पुढच्या भेटीत कळते.