उसने संगीत, स्वतःचा सूर

परकीय तंत्र आयात करणाऱ्या राष्ट्राला एक प्रश्न टाळता येत नाही : घेतलेल्यात स्वतःची भर किती घातली? कलेच्या प्रांतातही हा प्रश्न तितकाच कठोर आहे. जपानी जॅझ पियानोवादक तोशिको अकियोशी यांची कारकीर्द या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

अकियोशी यांचा जन्म १९२९ मध्ये मांचुरियातील जपानी कुटुंबात झाला. युद्धातील पराभवानंतर सर्वस्व गमावून हे कुटुंब जपानमध्ये बेप्पू येथे आले. तेथील नृत्यगृहात पियानो वाजवणे हे तोशिको यांच्या उपजीविकेचे साधन झाले. जेत्यांचे संगीत त्यांच्या वाट्याला आले ते असे, रोजगार म्हणून. पुढे विख्यात पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांनी त्यांचे गुण हेरले आणि १९५६ मध्ये शिष्यवृत्तीवर त्या बॉस्टनच्या बर्कली विद्यालयात दाखल झाल्या. अमेरिकेत कौतुक झाले. परंतु किमोनो नेसून जॅझ वाजवणारी स्त्री, या नवलाईचा त्यात मोठा वाटा होता.

नवलाईच्या भांडवलावर कारकीर्द उभी राहत नाही. १९७३ मध्ये पती, सॅक्सोफोनवादक ल्यू टॅबॅकिन यांच्यासह अकियोशी यांनी लॉस एंजलिस येथे सोळा वादकांचा वृंद उभारला. या वृंदाची 'कोगुन' ही रचना, युद्ध संपल्याचे न मानता फिलिपाइन्सच्या जंगलात १९७४ पर्यंत लपून राहिलेल्या जपानी सैनिकावरून सुचलेली. तीत नो नाट्यातील स्वर आणि त्सुझुमी या वाद्याचे आघात आहेत. 'मिनामाता' ही रचना कारखान्याच्या पाऱ्याने विषबाधा झालेल्या कोळ्यांच्या गावावर आहे. हिरोशिमावरील रचना ६ ऑगस्ट २००१ रोजी त्याच शहरात सादर झाली.

जपानी वाद्यांची ही केवळ सजावट होय, असा आक्षेप घेता येईल. परंतु जॅझ हे मुळात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी आपल्या वेदनेला दिलेले रूप. त्या रूपात अकियोशी यांनी आपल्या समाजाची वेदना मांडली. हे अनुकरण खचित नव्हे.

बाजाराने मात्र या गुणवत्तेची किंमत पुरती मोजली नाही. ग्रॅमी पारितोषिकासाठी चौदा नामांकने होऊनही ते एकदाही मिळाले नाही. वृंदासाठी अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपन्या पुढे येईनात आणि २००३ मध्ये तो विसर्जित झाला. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने 'जॅझ मास्टर' हा सर्वोच्च सन्मान दिला, तोवर सोळा वादकांचा तो संसार मोडला होता. मागणीच्या आकड्यांवर कलेचे मोल ठरवू पाहणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य तपासावा. घेतलेले ऋण अकियोशी यांनी व्याजासह फेडले. उणे राहिले ते धनकोच्या जमाखर्चात.