पट कमी म्हणून हक कमी?

सरकारी शाळेतील शिक्षकांचा पगार मुख्यतः राज्य सरकार देते. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती यांसाठी समग्र शिक्षा योजनेतून अनुदान येते. त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. हे अनुदान पटावर ठरते: 30 मुलांपर्यंत वर्षाला 10 हजार रुपये, 250 च्या वर किमान 75 हजार.

मी सॉफ्टवेअर लिहितो. सूत्रच चुकीचे असेल, तर बेरीज बरोबर असूनही उत्तर चुकते. इथे तेच होते. भामरागड, एटापल्लीचे टोले किंवा जिवतीच्या पहाडावरचे कोलाम गुडे यांत घरेच मोजकी. पट कमीच राहणार. पण गळके छप्पर मुले मोजून गळत नाही. 2023 मध्ये राज्याने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचा विचार मांडला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचाच संपर्क तुटतो. तिथे लहान मुलाला दूरच्या शाळेत कोण नेणार?

दिव्यांग मुलाचे हाल याहून वाईट. त्याच्यासाठी समग्र शिक्षेचे परिमाण वर्षाला 3500 रुपये, म्हणजे महिन्याला 300 सुद्धा नाहीत. 2016 चा कायदा त्याला 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक देतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण घातले. पण एका टोल्यावर असे एकच मूल असते. त्याच्यापर्यंत शिक्षक पोहोचायचा, तर प्रवासाचा आणि वेळेचा खर्च धरावाच लागेल.

पैसा नाही, हे या दोन जिल्ह्यांत तरी पटत नाही. चंद्रपुरात कोळसा, सुरजागडला लोहखनिज. खाणींच्या रॉयल्टीवर आधारित रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा होते. शिक्षण आणि दिव्यांग कल्याण त्याच्या प्राधान्य यादीत आहेत, आणि अनुसूचित क्षेत्रात खर्चाच्या आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते.

यातली बहुतेक मुले माडिया, गोंड, कोलाम आहेत. मग आपला काय संबंध, असे कुणी विचारेल. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) अंध होते. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, म्हणून सूरह अबस उतरली. पुढे ते मदिनेत अजान देत. अदल फक्त आपल्या मोहल्ल्यापुरता नसतो.

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, आणि तिने केलेला शाळा विकास आराखडा कायद्याने अनुदानाचा आधार आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, अहेरीतल्या शिकलेल्या तरुणांनी या समित्यांसोबत बसावे. दिव्यांग मुलांची नोंद, फिरत्या शिक्षकाचा खर्च, छपराचा अंदाज आराखड्यात आकड्यांसह लिहून द्यावा आणि तोच ग्रामसभेत मांडावा. मागणी एकच: पैसा गरजेवर ठरवा, केवळ पटावर नाही.