वाऱ्याच्या हायड्रोजनचा जुना हिशेब

समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा, ही कल्पना आज अगदी नवी म्हणून मांडली जाते. प्रत्यक्षात तिचा पहिला अध्याय १८९०च्या दशकातच लिहून झाला आहे. तो नीट वाचला, तर आज पैसा कुठे घालावा आणि कुठे हात आखडता घ्यावा, हे बरेचसे कळते.

डेन्मार्कमधल्या आस्कोव गावी ग्रामीण तरुणांच्या लोकशाळेत पॉल ला कूर विज्ञान शिकवत. १८९१मध्ये सरकारी अनुदान मिळवून त्यांनी तिथे पवनचक्की उभारली आणि तिला डायनामो जोडला. पण वारा पडला की वीज बंद. यावर तोड म्हणून त्यांनी विजेने पाण्याचे विघटन सुरू केले. हायड्रोजन एका टाकीत, ऑक्सिजन दुसऱ्या टाकीत आणि तिथून नळ्यांतून दोन्ही वायू शाळेच्या दिव्यांपर्यंत. १८९५ ते १९०२ या काळात ही शाळा अशा दिव्यांवर उजळली. हायड्रोजनमध्ये थोडा जरी ऑक्सिजन शिरला तरी स्फोट होई, आणि खिडक्यांच्या काचा पुन्हा पुन्हा बसवाव्या लागल्या. तरीही ला कूर मागे हटले नाहीत.

पुढे मात्र त्यांनी एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते तोच या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा आहे. बॅटऱ्यांत वीज साठवून थेट विजेचे दिवे लावता येऊ लागले, तेव्हा त्यांनी हायड्रोजनचे दिवे काढून टाकले. वर्षानुवर्षे जिवापाड जपलेला प्रयोग त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला, कारण जिथे वीज थेट वापरता येते तिथे तिचा वायू करणे तोट्याचे, हे त्यांना दिसले असावे. मग ते गावोगावच्या तरुणांना पवन-वीजतंत्री म्हणून तयार करू लागले. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या योहानेस यूल यांनी १९५७मध्ये गेडसरची २०० किलोवॅटची पवनचक्की उभी केली.

हायड्रोजनची कल्पना मात्र मेली नव्हती. १९२३मध्ये केंब्रिजच्या एका व्याख्यानात ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी सांगितले की, कोळसा संपल्यावर इंग्लंडभर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहतील आणि उरलेल्या विजेतून हायड्रोजन काढून, तो द्रवरूपात साठवला जाईल. हेच हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांच्या अंदाजाने या बदलाला चार शतके लागणार होती. एवढी वाट पाहावी लागली नाही, पण मधल्या काळात एकच गोष्ट वारंवार घडली. युद्धात इंधन तुटले की डेन्मार्कला वारा आठवे; स्वस्त तेल आले की चक्क्या थांबत. गेडसरची चक्कीही १९६७मध्ये बंद पडली आणि १९७३च्या तेलसंकटानंतर तिची पुन्हा विचारपूस सुरू झाली.

१९९१मध्ये डेन्मार्कच्याच विंडेबी इथे जगातले पहिले सागरी पवनऊर्जा केंद्र सुरू झाले. त्यात ११ चक्क्या होत्या आणि सगळ्यांची क्षमता मिळून जेमतेम ५ मेगावॅट. आज १५ मेगावॅटची एकच चक्की त्या अख्ख्या केंद्राच्या तिप्पट आहे. जून २०२३मध्ये फ्रान्सच्या ल क्रोआझिक किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर सीलहाइफ नावाच्या १ मेगावॅटच्या तरंगत्या प्रकल्पाने भरसमुद्रात हायड्रोजन तयार केला. समुद्राचे पाणी गोडे करायचे, त्यातून वीज सोडायची आणि लाटांवर हेलकावणाऱ्या तराफ्यावर हे सारे चालू ठेवायचे, हे सोपे काम नव्हे.

तंत्र जमले तरी हिशेब बदलत नाही. एक किलो हायड्रोजन काढायला ५०हून अधिक युनिट वीज लागते आणि त्यात उतरते फक्त ३३ युनिटांची ऊर्जा. त्याच हायड्रोजनपासून पुन्हा वीज केली, तर निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच जाते. म्हणून घरे तापवायला किंवा मोटारी चालवायला सागरी हायड्रोजन वापरणे म्हणजे ला कूर यांनी १९०२मध्ये सोडलेली वाट पुन्हा धरणे. खत, पोलाद, तेलशुद्धीकरण, लांब पल्ल्याची जहाजे, जिथे नुसत्या विजेने भागत नाही, तिथेच तो शोभतो.

भारताला हा विषय परका नाही. १९६०च्या दशकात पंजाबमधल्या नांगलच्या खत कारखान्यात भाक्रा धरणाच्या विजेने पाण्यातूनच हायड्रोजन काढला जाई. पुढे ती वाट मागे पडली. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात युरियासाठी लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतूनच येतो. केंद्राने जानेवारी २०२३मध्ये हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले आणि जून २०२४मध्ये गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर मिळून १,००० मेगावॅट सागरी पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटींची योजना. ही दोन्ही कामे एकमेकांना जोडावीत, पहिला हायड्रोजन खत कारखान्यांना द्यावा आणि तेल-वायूचे भाव उतरले म्हणून निधीला कात्री लावू नये, एवढे सरकारने आताच लेखी बांधून घ्यावे.