माझे आवडते फूल : गुलाबच का, मारांडी का नको?

शिक्षक मित्रांनो, 'माझे आवडते फूल' हा निबंध वर्गाला घालून बघा. निम्म्या वह्यांत गुलाब, उरलेल्यांत कमळ. वाक्येही तीच. गुलाबाला फुलांचा राजा म्हणतात, त्याला काटे असतात, तो मला खूप आवडतो. शाळा खाडीकाठच्या गावात असली तरी हेच! त्या मुलाच्या घरामागे निळी फुले उमलत असतात, पण त्यांचे नाव त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

त्या झुडपाचे नाव मारांडी. कोकणातल्या खाड्यांच्या काठी, कांदळवनाच्या कडेने चिखलात हे बहुवर्षायू झुडूप वाढते. पाने चकचकीत आणि कडांना काटे. उन्हाळ्यात शेंड्याला जांभळट निळ्या फुलांचा तुरा येतो. फूल नीट पाहा. पाकळ्यांचा फक्त खालचा ओठ असतो, वरचा नसतोच. भुंगे त्यावर येतात. फळ वाळले की फटकन फुटते आणि बिया लांब उडतात.

आणि खाऱ्या पाण्यात ते जगते कसे? जास्तीचे मीठ ते पानांतून बाहेर टाकते. कोरड्या दिवसांत पानावर भिंग धरा, मिठाचे कण दिसतील. परिसर अभ्यासाला याहून सोपा प्रयोग कुठला?

कोणी म्हणेल, "सर, याचा उपयोग काय?" हा प्रश्न आपणच मुलांना शिकवलाय. उपयोग सांगता येईल. कांदळवनातली झाडेझुडपे काठची माती धरून ठेवतात, माशांच्या पिल्लांना आसरा देतात. पण माझे मत वेगळे आहे. आधी ओळख, मग उपयोग. शेजाऱ्याचे नाव आपण उपयोग विचारून घेतो का?

हा नुसता निबंधाचा मुद्दा नाही. ज्याचे नाव माहीत नाही ते सगळे आपल्या लेखी 'काटेरी रान' असते. मग त्यावर डेब्रिजचा ट्रक रिकामा झाला तरी कोणाला काही वाटत नाही. कायदा आहे. राज्यात 2012 पासून कांदळवन कक्ष आहे. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली. 2020 मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवन वृक्ष झाला. पण खाडीवर रोज कोर्ट येऊन उभे राहत नाही. तिथे रोज जातात ती आपली मुले.

म्हणून एवढेच करा. ओहोटीची वेळ बघून, एखाद्या पालकाला सोबत घेऊन मुलांना बांधापर्यंत न्या. चिखलात उतरवू नका, फूल तोडू देऊ नका. बघू द्या, चित्र काढू द्या, आजी-आजोबांना गावातले नाव विचारून येऊ द्या. मग तोच निबंध पुन्हा घाला.

पाचच ओळी येतील कदाचित. शुद्धलेखनही चुकेल. चालेल. त्या ओळी त्याच्या स्वतःच्या असतील.