मूळ वायर कापू नका

आपल्या देशात उपग्रहावरून रेडिओ ऐकण्याची सोय होती आणि ती ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद झाली, हे आज फिटिंगच्या धंद्यात येणाऱ्या अनेक मुलांना माहीत नसते. वर्ल्डस्पेस असे त्या कंपनीचे नाव. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी १९९० साली अमेरिकेत ती काढली. तिचा एशियास्टार हा उपग्रह मार्च २००० मध्ये आकाशात गेला आणि भारतीय घरांत छोट्या चौकोनी अँटेनाचे संच दिसू लागले. ‘गांधर्व’वर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत, ‘फरिश्ता’वर जुनी हिंदी गाणी. जाहिरातीला ए. आर. रहमान. जगभरातल्या तिच्या ग्राहकांपैकी बहुतेक भारतातच होते. पण ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सव्वा वर्षात इथले संच मुके झाले.

हे आज सांगायचे कारण वाचकांचा एक प्रश्न आहे. पिकअपच्या कंपनीच्या स्टिरिओला उपग्रह रेडिओ जोडून मागणारी गिऱ्हाइके येतात, त्यांना काय सांगायचे? काहींच्या हातात तर न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासमधल्या नातेवाइकाने पाठवलेला सिरियस-एक्सएमचा ट्यूनरही असतो. उत्तर एका वाक्याचे आहे: तो नागपुरात वाजणार नाही. सिरियस आणि एक्सएम या दोन कंपन्या २००८ मध्ये एक झाल्या. त्यांची सेवा २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झवर चालते आणि उपग्रहांचा झोत उत्तर अमेरिकेवर रोखलेला आहे. आपल्या डोक्यावर तो सिग्नलच नाही, मग अँटेना कितीही चांगली लावा. बसवण्याची मजुरी घेण्याआधी हे गिऱ्हाइकाला सांगणे आपले कर्तव्य आहे. ट्यूनर बसवून, दिवा लावून दाखवून पैसे घेणारा माणूस आपल्या सगळ्यांची पत घालवतो.

पण गिऱ्हाइकाची मागणी वेडगळ आहे असे कृपया समजू नका. काटोल, नरखेड, वरूडकडून संत्री भरून कळमन्यात येणारा, तिथून हैदराबाद किंवा रायपूरचा माल घेऊन निघणारा पिकअपवाला रात्रभर एकटा असतो. शहराचे एफएम पन्नास-साठ किलोमीटरवर खरखरू लागते. मनसर ओलांडून सिवनीकडे निघाले की पेंचच्या जंगलात मोबाइलचे नेटवर्कही येते-जाते. रात्री दोन वाजता डोळा लागू नये म्हणून माणसाला कानाशी कोणाचा तरी आवाज हवा असतो. ती गरज खरी आहे, आणि ती भागवणे हाच आपला धंदा आहे.

वर्ल्डस्पेस चालू असतानाही ती गाडीत नीट का चालली नसती, हे समजून घेण्यासारखे आहे. एशियास्टार १०५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्तावर स्थिर होता. नागपुरातून पाहिले तर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण पन्नास अंश वर. घराच्या खिडकीत अँटेना एकदा तिकडे वळवून ठेवली की काम झाले. गाडी मात्र वळते, झाडाखाली जाते, उड्डाणपुलाखाली थांबते. अमेरिकेत यावर दोन उपाय केले गेले. सिरियसने आपले पहिले तीन उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत फिरते ठेवले, म्हणजे गाडीवरून पाहता त्यांतला एखादा तरी डोक्याजवळ उंच असतो. आणि शहरांत उपग्रहाचाच आवाज पुन्हा प्रक्षेपित करणारे मनोरे उभारले. भारतात असे मनोरे उभे राहिलेच नाहीत.

ज्या आवाजाची ही मागणी आहे, तो एके काळी नागपूरच साऱ्या देशाला पुरवत होते. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली ती नागपूरजवळच्या एक हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून, १५६६ किलोहर्ट्झवर. रात्रीची सेवा. मध्यम लहरी रात्री वरच्या वातावरणातून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जातात, त्यामुळे ट्रकच्या केबिनमधला साधा रेडिओही ती पकडत असे. वर्गणी नाही, छपरावर वेगळी अँटेना नाही. २०१९च्या सुरुवातीला ती वाहिनी बंद झाली, आणि रात्री गाडी हाकणाऱ्यांचे त्यात मोठे नुकसान झाले असे मला वाटते. तरी मध्यम लहरी संपलेल्या नाहीत. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ पासून बोलते आहे आणि ५८५ किलोहर्ट्झ हा त्याचा आकडा आहे. देशात आकाशवाणीने तीसहून अधिक मध्यम लहरी प्रक्षेपकांवर डीआरएम ही डिजिटल पद्धत आणली आहे, आणि काही मोटार कंपन्या कारखान्यातूनच तिचा रिसीव्हर बसवून देतात.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की कंपनीचा स्टिरिओ उपटून स्वस्तातला स्क्रीनवाला सेट बसवण्यापूर्वी त्यात मध्यम लहरी आहेत का ते पाहा. बाजारात येणाऱ्या पुष्कळ सेटमध्ये फक्त एफएम असते. गिऱ्हाइकाला स्क्रीन दिसते, रेडिओतून काय गेले ते दिसत नाही. आणि मूळ सेट ठेवला तरी शेजारी लावलेला हलका मोबाइल चार्जर किंवा एलईडी पट्टी मध्यम लहरींवर इतकी खरखर आणते की स्टेशन सापडतच नाही. गाडी सोडण्याआधी इंजिन चालू ठेवून, चार्जर आणि दिवे लावून मध्यम लहरींवरचे एक स्टेशन ऐकून बघा. दोन मिनिटांचे काम आहे.

आता मुख्य मुद्दा. उपग्रह रेडिओ आला आणि गेला. त्याआधी कॅसेट गेली, सीडी चेंजर गेला. आता पेन ड्राइव्ह मागे पडतो आहे आणि ब्लूटूथ आहे. पुढे काय येईल ते येईल. पिकअप मात्र बारा-पंधरा वर्षे चालते, दोन-तीन मालकांकडे फिरते. आवाजाचा स्रोत अल्पायुषी आणि गाडी दीर्घायुषी असेल, तर आपली प्रत्येक जोडणी उद्या निघेल अशीच असली पाहिजे. कंपनीच्या लूममधली एकही वायर कापली जाता कामा नये.

‘काप ना भाऊ, वायरच तं आहे!’ हे गिऱ्हाइकाचे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. कपलरला कपलर लावणारा तयार हार्नेस काही शे रुपयांना मिळतो, कापून पिळून टेप मारणे फुकटात आणि दहा मिनिटांत होते. त्या दहा मिनिटांची किंमत पुढचा मालक भरतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि बंद केबिनमधला डॅश त्याहून कितीतरी तापतो. त्या उष्णतेत काळ्या प्लॅस्टिक टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते, पिळलेला जोड उघडा पडतो आणि खड्ड्याच्या धक्क्याने बॉडीला लागतो. फ्यूज योग्य असेल तर उडतो. फ्यूजच्या जागी कोणी जाड तार घातली असेल तर वायर जळते. कापसाच्या गाठी भरलेल्या पिकअपमध्ये वायर जळणे म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये.

जोड द्यावाच लागला तर तो आपण आणलेल्या हार्नेसच्या बाजूला द्या. क्रिंप करा किंवा सोल्डर करून हीटश्रिंक चढवा, वर कापडी टेप गुंडाळा. वायर दाबून आत पाते घुसवणारे निळे-लाल चिमटे गाडीत वापरू नका. कंप पावणाऱ्या गाडीत ते पाते तांब्याचे धागे एकेक करून तोडत जाते. नवा रिसीव्हर, मग तो कशाचाही असो, चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या एसीसी लाइनवर घ्या आणि त्याला स्वतःचा फ्यूज द्या. थेट बॅटरीवर घेतला तर आठवडाभर उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फ मारणार नाही. अर्थ स्टिरिओचाच वापरा. दुसरीकडे बॉडीला स्क्रू मारून अर्थ घेतला की अल्टरनेटरची शीळ स्पीकरमध्ये येते. मग ती दाबायला फिल्टर लावावा लागतो, आणि फिल्टरने आवाज उतरतो. रंगांवर भरवसा ठेवू नका. बाजारातल्या सेटची पिवळी वायर बॅटरीची आणि लाल एसीसीची असते, पण कंपनीच्या लूममध्ये रंग मॉडेलप्रमाणे बदलतात. शिवाय एअरबॅगचे लूम बहुधा पिवळेच असते. मीटर लावल्याशिवाय एकाही पिवळ्या वायरला हात लावू नका.

मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून स्टिरिओ चालवण्याची वाईट सवय वाडीपासून कापसीपर्यंत सगळीकडे आहे. एक बॅटरी जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि वर्षभरात दोन्ही जातात. कन्व्हर्टर लावा.

स्टिरिओला ऑक्सची खाच असेल तर नवा स्रोत तिथूनच द्या, त्याहून स्वच्छ आवाज दुसऱ्या मार्गाने मिळत नाही. खाच नसेल तर अनेकजण एफएम मॉड्युलेटर लावतात. नागपुरात ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३ आणि १००.६ ही ठिकाणे भरलेली आहेत. मोकळी जागा शोधून दिली तरी गाडी अमरावतीला पोहोचल्यावर तिथे दुसरे कोणी बोलत असू शकते. त्यापेक्षा अँटेनाच्या वायरीत मध्ये बसणारा, रिलेने मूळ अँटेना तोडून आपला आवाज देणारा अडॅप्टर बरा. पण तो बंद केल्यावर मूळ अँटेना पूर्ण ताकदीने परत मिळते का, हे तपासूनच गाडी द्या. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या नव्या पिकअपमध्ये स्टीअरिंगवरची बटणे आणि स्टिरिओ एकाच डेटा लाइनवर बोलतात. तिथे त्या मॉडेलसाठी बनवलेला इंटरफेस नसेल तर काम नाकारा. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. जाऊ द्या.

पुढच्या अंकापासून आम्ही आपल्या भागात जास्त चालणाऱ्या पिकअपच्या स्टिरिओ कपलरचे पिनवार नकाशे छापणार आहोत. कोणत्या पिनला बॅटरी, कोणत्या पिनला एसीसी, दिव्याची कोणती, स्पीकरच्या कोणत्या. तुम्ही मीटर लावून स्वतः तपासलेल्या नोंदी गाडीचे मॉडेल, वर्ष आणि कपलरच्या फोटोसह पाठवा. ऐकीव नोंदी नकोत. एका चुकीच्या पिनने कोणाच्या तरी गाडीचा संगणक जळू शकतो. प्रत्येक नोंद दुसऱ्या फिटरकडून पडताळूनच छापली जाईल, आणि ज्याने पाठवली त्याच्या दुकानाचे नाव नकाशाखाली येईल.